तर आणि तम

रात्रीचे साडेदहा वाजून गेले, तरी दुपारच्या बैठकीत मी जे बोललो ते मनातून जात नाही. एका सहकाऱ्याने तयार केलेल्या तिमाही अहवालात दोन आकडे चुकले होते. मागच्या अहवालात एक चुकला होता. मी सर्वांसमोर म्हणालो, "चुका दुप्पट झाल्या आहेत, हा हलगर्जीपणा अक्षम्य आहे." यातले पहिले विधान हिशेबाने खरे होते. अहवालात एकूण दोनशेच्या आसपास आकडे होते, हे ठाऊक असूनही मी ते सांगितले नाही आणि माझा अन्याय तिथेच झाला.

कशाच्या दुप्पट, हे सांगितल्याशिवाय 'दुप्पट' हा शब्द उच्चारूच नये, असे आता वाटते. १९९५ साली ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. इशारा खोटा नव्हता. पण सात हजार स्त्रियांमागे एकीला असलेला धोका दोघींना, एवढाच त्या दुपटीचा अर्थ होता. अनेक स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, ही तुलना त्या घबराटीत मागेच पडली.

दुसरा शब्द 'अक्षम्य', आणि तो मला अधिक बोचतो. दोन चुकलेल्या आकड्यांना अक्षम्य म्हटले, तर उद्या कोणी जाणूनबुजून आकडे बदलले तेव्हा त्याला काय म्हणायचे? प्राचीन अथेन्सचे कायदे लिहिणाऱ्या ड्रेकोने जवळजवळ प्रत्येक अपराधाला मृत्युदंडच ठेवला होता. लहान अपराधांना तो योग्यच आहे आणि मोठ्यांसाठी याहून कठोर शिक्षा मला सापडत नाही, असे त्याने म्हटल्याचे प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज चोरणाऱ्याला फाशी होती. तेव्हा आरोपीचा जीव वाचावा म्हणून ज्यूरीतले लोक त्या ऐवजाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवत. शिक्षेचे माप सुटले, की दयाळू माणसांनाही खोटे बोलावे लागते. आज बैठकीत तेच घडले. मी 'अक्षम्य' म्हणताच दोघे-तिघे त्या सहकाऱ्याच्या बाजूने उभे राहिले आणि आकडे तसे बरोबरच आहेत, असे म्हणू लागले. ते बरोबर नव्हते. पण मी एका टोकाला गेल्यावर त्यांना दुसऱ्या टोकाला जाणे भाग पडले आणि दुरुस्तीचा विषय तसाच राहून गेला.

आपल्या भाषेत यासाठी 'तारतम्य' हा शब्द आहे आणि तो 'तर' व 'तम' या दोन प्रत्ययांपासून बनला आहे: लघु, लघुतर, लघुतम. 'तर' दोन गोष्टी शेजारी ठेवून अधिक-उणे पाहतो, 'तम' थेट शेवटच्या पायरीवर नेतो. वाद तापला की मधला 'तर' गळतो. मग चूक ही चूक राहत नाही, ती घोर चूक होते. याचा अर्थ प्रत्येक वेळी मधला मार्ग धरावा असा मात्र मुळीच नाही. खरोखर गंभीर गोष्टीला 'जाऊ द्या, होते असे' म्हणणाराही तारतम्य सोडूनच बोलत असतो, आणि तो सौम्य बोलतो म्हणून त्याला समतोल समजण्याची चूक मी पूर्वी केली आहे.

आकडे चुकले होते, हे विधान मी मागे घेणार नाही. ते दुरुस्त व्हायलाच हवेत. 'अक्षम्य' मात्र मागे घ्यायचा आहे, आणि तोही बाजूला बोलावून नव्हे, तर पुढच्या बैठकीत, ज्यांच्यासमोर उच्चारला त्यांच्याच समोर. दोनशेंपैकी दोन, हेही त्याच वेळी सांगेन.