चार तारे आणि काळी माती

मागच्या महिन्यात ताथवड्याच्या साइटवर गेले, तर बाजूला काढून ठेवलेली वरच्या थराची काळी माती गायब! ताडपत्री घालून, पाटी खोचून ठेवलेली. मुकादम म्हणाला, "मॅडम, जोत्यात भरणी कमी पडत होती. माती ती मातीच की!"

त्याच्यावर काय चिडणार? ही माती बागेसाठी जपायची, ही ड्रॉइंगवरची इंग्रजी टीप त्याला कोणी वाचून दाखवलीच नव्हती. म्हणजे मीच.

ती माती जपण्यालाही गुण असतात. 'ग्रिहा'त, म्हणजे हरित इमारतींना तारे देणाऱ्या मानांकनात, चार ताऱ्यांसाठी १०० पैकी ७१ गुण लागतात. आमचा हिशेब ७३वर टेकलेला, म्हणजे काठावरच. बरं, काम केलं एवढ्यावर भागत नाही, पुरावा हवा. फ्लाय ॲशच्या (कोळशाच्या राखेच्या) विटांची डिलिव्हरी चलनं, रंगातल्या व्हीओसीचं (हवेत उडणाऱ्या रसायनांचं) पत्रक, तारखेसकट फोटो. तीन माणसांचं ऑफिस माझं. त्यातली एक मुलगी दिवसभर सप्लायरना फोन लावत बसते. हे तास फीमध्ये धरायचे असतात, हे मला उशिरा कळलं. ऊन कमी यावं म्हणून पश्चिमेच्या खिडक्या मी पहिल्याच स्केचमध्ये लहान केल्या होत्या, फुकटात. क्लायंटचा प्रश्न एकच: "या ताऱ्यांमुळे टॅक्समध्ये किती सुटणार?"

चार घमेली माती कुंपणाशी उरलीय. मुकादमाने त्यात मिरची लावलीय.