चार दिवस कोंडून ठेवलं तर सुटेल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला नेहमीच येतो, बहुतेक वेळा रात्री, आणि विचारणारी बहुतेक वेळा कुणाची तरी आई नाहीतर बायको असते. "ताई, चार-पाच दिवस घरातच कोंडून ठेवलं तर व्यसन सुटेल ना? बाहेर बभ्रा नको." मी डॉक्टर नाही. माझा धाकटा भाऊ ब्राऊन शुगर, म्हणजे अफूपासून बनणारं गर्द, ओढायचा, आता ओढत नाही, आणि मधली वर्षं मी त्याच्यासोबत ओपीडीच्या बाकांवर काढलीत. माझं यातलं शिक्षण एवढंच.

नुसता हिशेब विचाराल, तर चार-पाच दिवस हे काही खोटं नाही. शेवटची पन्नी (चांदीच्या कागदावर जाळलेलं गर्द) ओढल्यावर सहा ते बारा तासांत टर्की सुरू होते, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यात जास्त असतो आणि आठवडाभरात बराचसा ओसरतो. ज्यांना अफूच्या जातीच्या गोळ्यांची किंवा खोकल्याच्या औषधाची सवय असते त्यांचं वेळापत्रक थोडं मागेपुढे होतं. पण घरच्यांना वाटतं, टर्की गेली म्हणजे आजार गेला. माझं सगळं भांडण तिथंच आहे.

आमच्याकडे हा प्रयोग झालेला आहे. आम्ही तेव्हा परळला चाळीत राहायचो. वडील आणि काकांनी ठरवलं आणि आतल्या खोलीला बाहेरून कडी लागली. आधी आल्या जांभया. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. मग नाक-डोळे वाहायला लागले. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पोराला सर्दी झालीय. संध्याकाळपर्यंत अंगावरची कातडी सोललेल्या कोंबडीसारखी दिसायला लागली. पांघरूण घे, पांघरूण फेक, असं चाललेलं. रात्री पायांना झटके यायला लागले आणि टाचा भिंतीवर आपटायला लागल्या. पलीकडच्या काकींनी सकाळी विचारलं, "काल रात्री खिळे कसले ठोकत होतात?" आई म्हणाली, फळी बसवत होतो. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. आई मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने घालायची आणि ते पाच मिनिटांत बाहेर यायचं. झोप नाहीच. आणि तोंडाने कधी शिव्या, कधी गयावया, "ताई, फक्त एकदा, मग देवाशपथ नाही."

नाटक करतोय, असं काका म्हणायचे. नाटक नव्हतं. पुढे एका डॉक्टरांनी मला समजावलं. अफूच्या जातीची कुठलीही वस्तू मेंदूतल्या जागं, सावध ठेवणाऱ्या यंत्रणेला दाबून ठेवते. रोजच दाबली गेली की ती यंत्रणा उलट जोर लावायला शिकते. एक दिवस वरचा दाब अचानक निघतो आणि तो सगळा जोर उसळून बाहेर येतो. म्हणून अफूने जे होतं त्याच्या बरोबर उलटं टर्कीत होतं. नशेत बद्धकोष्ठ, टर्कीत जुलाब. नशेत बाहुल्या टाचणीएवढ्या, टर्कीत मोठ्या. नशेत गुंगी, टर्कीत डोळ्याला डोळा नाही.

पाचव्या दिवशी भावाने आंघोळ केली, दोन घास भात खाल्ला. काकांनी चाळभर सांगितलं, बघा, उगाच डॉक्टरांना पैसे चारतात लोक. आणि पंधरवड्याच्या आत तो परत पन्नीवर होता. आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. टर्की गेली तरी झोप कित्येक आठवडे धड नसते, अंग मोडून येतं, कशात मन लागत नाही, आणि जिना उतरला की नाक्यावर तीच माणसं उभी.

तरी तो वाचला. त्याचा एक दोस्त वाचला नाही. तो काही महिने तुरुंगात होता, तिथं माल मिळाला नाही, आपोआप सुटलं. बाहेर आला आणि पहिल्याच संध्याकाळी पूर्वीइतकाच घेतला. शरीराची सवय तेवढ्या काळात उतरलेली असते. जो डोस आधी पचायचा त्यानेच श्वास मंदावत मंदावत बंद पडतो. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी संपलं तर टर्कीतही जीव जाऊ शकतो, नाही असं नाही, पण गर्द घेणाऱ्याला खरा धोका असतो तो टर्की संपल्यावर, घरचे निर्धास्त झाल्यावर. कोंडून ठेवण्याला माझा विरोध आहे तो यासाठी. तुम्ही त्याची सवय उतरवता, ओढ तशीच राहते, आणि मग दार उघडता.

मग करायचं काय? आमच्या भावाला शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात नेलं. तिथं ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी सुरू झाली. जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत गिळायची नाही. हीसुद्धा अफूच्याच कुळातली, पण तिचा परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही आणि टिकतो बराच वेळ. पहिल्या दिवशी भाऊ बाकावर जांभया देत, कुडकुडत बसलेला. मी डॉक्टरांना म्हटलं, देऊन टाका ना हो लवकर. त्यांनी त्याच्या बाहुल्या पाहिल्या, हातावरचा काटा पाहिला आणि म्हणाले, "अजून थोडं थांबू." अंगात गर्द शिल्लक असताना ही गोळी दिली तर ती त्याला ढकलून स्वतः जागा घेते आणि एकदम जबरी टर्की बसते. म्हणूनच कुणाकडून मागून आणून घरी देऊ नका.

यावर हमखास दुसरा प्रश्न येतो: "म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावली की!" हे मला आमच्या भावकीत इतक्यांनी ऐकवलंय की उत्तर तोंडपाठ झालंय. गोळी सुरू झाल्यावर भाऊ वेळेवर उठायला लागला, कामावर जायला लागला, आईच्या पाकिटातले पैसे जागेवर राहायला लागले. अशी नशा असते का? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मेथाडोन (याच कामाचं दुसरं औषध) आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याला आपण असं विचारत नाही. किती काळ घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. काहींना महिने, काहींना वर्षं. घाईने बंद करायला लावणारे नातेवाईक मात्र मी फार पाहिलेत. नाल्ट्रेक्सोन ही अगदी वेगळी गोळी, गर्दचा परिणामच अडवणारी. ती सगळं सुटून आठवडा-दहा दिवस गेल्यावरच चालते आणि रोज घेतो की नाही हे बघणारं माणूस घरात लागतं.

केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. आम्ही मधे एका खासगी केंद्रात फसलो होतो. महिन्याचे पैसे आगाऊ, आत गेल्या गेल्या टक्कल, मार, आणि पायात साखळी. साखळी बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरळ बेकायदा आहे, पण तेव्हा आम्हाला तोंड उघडायची लाज वाटत होती. याच्या उलटही जागा आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी लाखाची देणगी दिली, ते तेव्हा आलेल्या गर्दच्या लाटेमुळेच. तिथं घरच्यांनाही समोर बसवून बोलतं करतात. वांद्र्याचं कृपा फाउंडेशन त्याहून जुनं, १९८१ चं. आणि एनएच्या, म्हणजे नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस या नशा सोडू पाहणाऱ्यांच्याच गटाच्या, मीटिंगा गावोगाव होतात, फुकट असतात, तिथं नाव-गाव कुणी विचारत नाही. माझा भाऊ डॉक्टरांपुढे जे बोलला नाही ते तिथं बोलला.

पोलिसांची भीती सगळ्यांना असते. नशा करताना किंवा थोडा माल बाळगताना पकडलेला माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. अट एकच, उपचार पुरे करायचे. माल विकणाऱ्याला ते लागू नाही.

आणि तुमचं माणूस आत्ता, आजच टर्कीत असेल, तर आधी हे विचारा: सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालू होत्या का? असतील तर घरी अजिबात थांबू नका, त्या अचानक तुटल्या की झटके, फिट येते. बाई गरोदर असेल तर परस्पर बंद करू नका, पोटातल्या बाळाला धोका असतो. नुसतं गर्द असेल तर रात्रभर थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी, पेज, मऊ भात देत राहा. लघवी होईनाशी झाली, शुद्ध हरपत चालली, उलटीत रक्त दिसलं, तर लगेच हॉस्पिटल. व्याख्यान देऊ नका, त्याला त्या वेळी काही ऐकू जात नाही. दाराला बाहेरून कडी नको. एक माणूस जवळ बसवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६. फोन लागला नाही तर अडून बसू नका. सकाळी लवकर निघा, आधारकार्ड घ्या, एक जादा शर्ट आणि प्लास्टिकची पिशवी घ्या. केसपेपरची रांग मोठी असते, आणि त्याला त्या रांगेत उभं राहवणार नाही. तुम्ही उभ्या राहा.