राउंडला आले का?

परळला नर्सिंगच्या मुलींना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. बहुतेक जणी कोकणातल्या, ड्यूटी संपवून तशाच येतात. त्या दिवशी एक जण आली ती डोळे पुसतच.

आदल्या रात्री वॉर्डात लंडनहून एका पेशंटच्या मुलीचा फोन आला होता. वडिलांचं दुपारी ऑपरेशन झालेलं. तिनं विचारलं, 'हॅज ही कम राउंड?' आमच्या मुलीला राउंड एकच ठाऊक, डॉक्टरांचा. सर अजून आलेच नव्हते. ती म्हणाली, 'नो मॅडम, नॉट येट. मे बी टुमारो मॉर्निंग.'

तिकडे त्या बाईनं रात्र रडून काढली. तिला विचारायचं होतं, बाबा शुद्धीवर आले का? आणि बाबा तर केव्हाचे शुद्धीवर येऊन चहा मागत होते! सकाळी त्यांनीच फोन केला तेव्हा उलगडा झाला. मग सिस्टरनी हिला सगळ्यांदेखत झापलं.

मला फार लागलं ते. 'कम' म्हणजे येणे, एवढं शिकवून मीच पुढे गेले होते. सॅम्युअल जॉन्सननं आपल्या १७५५ सालच्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच बजावलंय की, क्रियापदामागे असे बारके शब्द जोडून अर्थ बदलतो, तिथे परक्या माणसाला सर्वांत जड जातं.

त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला. फळ्यावर लिहिलं: अंगात येणं, अंगावर येणं, अंगाशी येणं. 'तिन्हीकडे अंग तेच, येणं तेच. मग बदललं काय?' मागून एक म्हणाली, 'मॅडम, आमच्या काकीच्या अंगात येतं, पण निस्तरावं लागतं आईला. म्हणजे तिच्या अंगाशी येतं!' वर्ग हसला, डोळे पुसणारीही हसली. आपल्याकडे ते शेपूट नामाला लागतं, इंग्रजीत क्रियापदाच्या मागे येतं, एवढाच फरक. मग त्यांच्या कामाची वाक्यं घेतली. ड्रेसिंग सुटलं तर 'कम ऑफ', डेंग्यूनं आजारी पडला तर 'कम डाउन विथ डेंग्यू'. आणि एक वाक्य सगळ्यांकडून दहादा म्हणवून घेतलं: 'डू यू मीन, इज ही अवेक?' कळलं नाही तर उलट विचारायचं, अंदाजानं उत्तर द्यायचं नाही. वॉर्डात याहून मोठं व्याकरण नाही.

शेवटी मी लंडनची मुलगी झाले. डोळे पुसत आलेल्या त्या मुलीनं पेन कानाला लावलं.

'हॅज ही कम राउंड?'

'येस मॅडम, ही हॅज कम राउंड. ही इज आस्किंग फॉर टी.'