पुस्तकांची नोंद, चौथा रविवार: स्कॅनर आला, पण आधी बॅटरी बदलावी लागली

मंडळी, आजपर्यंत घरातली ६१२ पुस्तकं कॉम्प्युटरवरच्या यादीत चढली, माळ्यावरच्या दोन ट्रंका अजून तशाच. मागच्या वेळी बोललो होतो तो पुस्तकांचे बारकोड वाचणारा स्कॅनर मिळाला एकदाचा. शहापुरात ओळखीच्यांनी स्टेशनरीचं दुकान बंद केलं, त्यांच्याकडचा जुना, वायरलेस, पिस्तुलासारखा धरायचा लेझरवाला, सोबत चार्जिंगचा स्टँड पण.

आणला त्याच संध्याकाळी भाच्याने ट्रिगर दाबून आधी भिंतीवर, मग मांजरावर आणि मग "मामा, आत काय असतंय बघूया" म्हणून सरळ स्वतःच्या डोळ्याकडे. आई आतून ओरडली, "काय करूलालास रे, डोळं जातील की!" मग काय, रात्री भिंग घेऊन खालचं लेबल वाचत बसलो.

लेबलवर क्लास २ आहे. म्हणजे दिसणारा लाल प्रकाश, पॉवर १ मिलिवॅटच्या आत. चुकून डोळ्यावर आला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढ्यात इजा होत नाही, पण मुद्दाम टक लावून बघितलं तर ती पापणीची सोय उपयोगाची नाही. आणि आपल्याला जी लाल रेघ दिसते ती रेघ नसतेच बरं का, एकच ठिपका असतो, आतला बारका आरसा त्याला इतक्या जोरात इकडून तिकडे हलवतो की रेघ वाटते. आरसा अडकला तर ठिपका एकाच जागी थांबणार, तसं झालं की लेझर बंद करणारं सर्किट आत असतं, पण कुणी खोलून हात घातलेल्या मशीनमध्ये ते शाबूत असेल ह्याची गॅरंटी मी धरत नाही. माझ्या स्कॅनरचा एक स्क्रू गायब आहे, म्हणून पांढऱ्या भिंतीवर मारून बाजूने बघितलं, रेघ पूर्ण येते, ठिपका थांबत नाही. असंच तपासा, काचेत डोकावून नव्हे. दुरुस्तीवाला म्हणत होता "खोलून बघूया की, काय होतंय", मी हात जोडले.

पण खरा घोर वेगळाच निघाला. मुठीच्या खालचं झाकण नीट बसत नव्हतं, मला वाटलं जुनं आहे, घासलं असेल, आणि पहिल्या रात्री मी तो गादीवर, पुस्तकांच्या ढिगाशेजारी चार्जिंगला लावून झोपलो (हसू नका). सकाळी झाकण काढलं तर आतली लिथियम बॅटरी फुगलेली! लेझरला घाबरत बसलो आणि आग लागायची शक्यता उशाशी होती. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, घंटागाडीत तर अजिबात टाकू नका. मी पत्र्याच्या डब्यात घालून अंगणात ठेवली, नंतर ई-कचरावाल्याकडे दिली. नवीन त्याच मॉडेलची मागवली, आता चार्जिंग फरशीवर, दिवसा, समोर बसून.

स्टँडवर ठेवल्यावर तो आपोआप चालू व्हायचा, ते सेटिंग बंद केलं. काच भिंतीकडे करून ठेवतो, आणि स्कॅन करताना पुस्तक टेबलावर, स्कॅनर खाली तोंड करून, समोर कुणी बसायचं नाही.

आता कामाचं. लॅमिनेशनवाल्या चकचकीत कव्हरवर सरळ मारलं तर वाचत नाही, थोडा तिरका धरला की लगेच बीप, आणि चमक पण तोंडावर येत नाही. एका मासिकाचा बारकोड लाल शाईत छापलाय, तो काही केल्या येईना, लाल लेझरला लाल रेघ पांढरीच दिसते की. एक गंमत म्हणजे ब्लूटूथवर स्कॅनर कीबोर्ड बनून टाइप करतो आणि माझा कॉम्प्युटर मराठी कीबोर्डवर होता, त्यामुळे आकडे देवनागरीत पडायला लागले आणि सर्चमध्ये काहीच सापडेना, अर्धा तास गेला. इंग्रजी कीबोर्ड केला, झालं.

बायकोची कन्नड पुस्तकं पण ह्याच यादीत घातली. मराठी काय, कन्नड काय, बहुतेकांचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख नंबर, बारकोडमध्ये असतो तोच) ९७८ ८१ नाहीतर ९७८ ९३ ने सुरू. २००७ च्या आधीच्यांवर आयएसबीएन बहुधा दहा आकडीच छापलेला असतो, पुढे ९७८ लावून शेवटचा आकडा नव्याने काढायचा.

ट्रंकेतली मात्र आज्जोबांची, निपाणीहून आलेली, त्यांच्यावर बारकोडच नाही. पुढच्या रविवारी भाचा वाचून दाखवणार, मी टाइप करणार, प्रत्येक पन्नास पुस्तकांमागे एक कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) ठरलाय.