तुम्ही विचारलंत म्हणून: क्लिकसोबत पॅरामीटर कसा पाठवायचा?

“फंक्शनच्या नावापुढे कंस लिहिले तर ते पान उघडताच चालतं. कंस काढले तर पॅरामीटर लिहायचा कुठे?” जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानांना हालतं-बोलतं करणारी प्रोग्रामिंगची भाषा, शिकणारे मला हे सारखं विचारतात. फंक्शन म्हणजे नाव दिलेलं एक काम, आणि पॅरामीटर म्हणजे त्या कामाला सोबत दिलेली माहिती. लिंक अनेक, फंक्शन एकच, आणि कुठल्या लिंकवर क्लिक झालं ते त्याला कळायला हवं. मीही इथेच अडले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळी मेख कंसांत आहे. ‘दाखव’ हे फंक्शनचं नाव. ‘दाखव(क्रमांक)’ म्हणजे ते आत्ताच्या आत्ता चालव. ‘क्लिक झालं की हे कर’ असं ब्राउझरला सांगून ठेवणाऱ्या अॅडइव्हेंटलिसनरला नुसतं फंक्शन हवं असतं; या फंक्शनलाच लिसनर म्हणतात. क्लिक झालं की ते चालवायचं काम ब्राउझरचं. तुम्ही कंस लिहिलेत की फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि त्यातून जे परत येतं, बहुतेक वेळा काहीच नाही, ते लिसनरच्या जागी जातं. ब्राउझर एररही दाखवत नाही. म्हणूनच चूक लवकर सापडत नाही.

यावर उपाय एका ओळीचा आहे. मध्ये एक निनावी फंक्शन घाला: () => दाखव(क्रमांक). आता लिसनरला फंक्शनच मिळालं, आणि आतला कंस क्लिक होईपर्यंत थांबून राहिला.

पण हे लूपमध्ये, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या कोडमध्ये, लिहाल तेव्हा जपा. माझ्या पहिल्या फोटोंच्या पानावर १२ लिंक होत्या आणि बाराही शेवटचाच फोटो उघडायच्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. निनावी फंक्शन व्हॅल्यू टिपून ठेवत नाही, ती ज्यात ठेवलेली असते ते व्हेरिएबलच धरून ठेवतं. व्हेरिएबल बनवायला मी ‘व्हार’ हा जुना शब्द वापरला होता, म्हणजे बारा फेऱ्यांना मिळून व्हेरिएबल एकच, आणि क्लिक करेपर्यंत त्यात शेवटचा क्रमांक बसलेला. २०१५ च्या ईएस६ मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत, ‘लेट’ आलं. ते लूपच्या आत वापरलं की प्रत्येक फेरीचं व्हेरिएबल वेगळं. जुन्या कोडमध्ये ‘व्हार’ अजूनही भेटतं, तेव्हा आधी तिथे बघा.

आता मी स्वतः काय करते ते सांगते. क्रमांक मी लिंकवरच लिहून ठेवते, एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर आणि मांडणी ज्यात लिहितात ती भाषा) ‘डेटा-’ने सुरू होणाऱ्या अॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे लिंकला जोडलेल्या माहितीच्या नोंदीत, आणि क्लिक झालं की जावास्क्रिप्टमध्ये ती नोंद डेटासेटमधून वाचते. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण कुठली लिंक कशाची आहे हे एचटीएमएल वाचतानाच दिसतं. लिसनरही १२ लागत नाहीत. सगळ्या लिंक ज्या डब्यात, म्हणजे त्यांना वेढणाऱ्या एचटीएमएलच्या भागात, आहेत त्याला एकच पुरतो, आणि नंतर जोडलेली तेरावी लिंकही आपोआप चालते.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, डेटासेटमधून येतं ते नेहमी स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर, असतं. ७ मध्ये १ मिळवायला जाल तर ८ ऐवजी ७१ मिळेल. आधी नंबरमध्ये बदलून घ्या. दुसरी जास्त छळते. लिंकच्या आत छोटं चित्र असेल आणि वाचणाऱ्याने नेमकं त्यावर क्लिक केलं, तर इव्हेंटचा ‘टार्गेट’, म्हणजे क्लिक नेमकं जिथे झालं ती वस्तू, ते चित्र असतं, लिंक नाही. चित्रावर क्रमांक नसतो, मग अनडिफाइन्ड, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. शब्दांवर क्लिक केलं की चालतं, चित्रावर केलं की नाही, आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. टार्गेटवर ‘क्लोजेस्ट’ (त्याला वेढणारी सगळ्यात जवळची लिंक शोधणारं फंक्शन) वापरून वरची लिंक गाठा.

ऑनक्लिक, म्हणजे क्लिक झाल्यावर चालायचा कोड, थेट एचटीएमएलमध्ये लिहिणं मी सोडून दिलंय. पॅरामीटर म्हणून नाव पाठवलं आणि नावातच अवतरणचिन्ह निघालं की सगळी ओळ मोडते.

आणि एचरेफमध्ये, म्हणजे लिंक कुठे जाते तो पत्ता लिहायच्या जागी, नुसतं # ठेवू नका, पान उडी मारून वर जातं. तिथे फोटोचा खरा पत्ता लिहा आणि फंक्शनमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट बोलवा, म्हणजे साध्या क्लिकवर ब्राउझर त्या पत्त्यावर जाणार नाही. मग कुणी उजवं क्लिक करून लिंक नव्या टॅबमध्ये उघडली, तरी त्याला तोच फोटो दिसेल.