मेडिकलमध्ये फार्मासिस्ट असतो कुठे?

ऑनलाइन औषधविक्री बंद करा म्हणून आमच्या केमिस्टांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून वातावरण तापतं. मी हल्ली तिथे गप्पच बसते. कारण आमचा सगळ्यात मोठा मुद्दा काय, तर ऑनलाइनवाल्यांकडे पेशंटशी समोरासमोर बोलणारा फार्मासिस्ट नसतो. अहो बरोबर आहे, पण आपल्या किती दुकानांत असतो ओ? भिंतीवर फ्रेममध्ये ज्याचं सर्टिफिकेट लटकतंय ते साहेब कुठल्यातरी कंपनीत नोकरीला, इथे फक्त सर्टिफिकेट भाड्याने, आणि काउंटरवर बारावी झालेला पोरगा. पोरगा हुशार असतो हं, रॅकमधली कुठलीही स्ट्रिप डोळे मिटून काढून देईल, पण कुठली गोळी कशासोबत चालत नाही हे त्याला शिकवणार कोण?

कायदा काही नवीन नाही. १९४८ च्या फार्मसी अ‍ॅक्टमधे सरळ लिहिलंय की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त होते तेव्हा महाराष्ट्रात यावरून दुकानांवर धडाधड कारवाया झाल्या, मग केमिस्टांनी बंद पुकारला. स्वतःच्याच डिग्रीला किंमत मिळवून देणाऱ्या नियमाविरुद्ध आपण शटर खाली ओढलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तुम्ही म्हणाल फार्मासिस्ट असून असा काय फरक पडतो, गोळ्या त्याच ना. एक किस्सा सांगते. संधिवाताच्या एक आजी मेथोट्रेक्सेट न्यायला आल्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. आधीच्या गोळ्या त्यांनी दुसरीकडून घेतलेल्या, सोबतच्या कागदावर तारीख बघितली तर हिशोबाने अजून बऱ्याच शिल्लक असायला हव्या होत्या. म्हटलं, "आजी, एवढ्यात संपल्या?" तर म्हणाल्या, "रोज एक घेते की गं, बीपीच्या गोळीबरोबर. पण तोंड आलंय बघ, तिखट खाववत नाही." माझ्या पोटात गोळाच आला, कारण मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं की तोंड येणं ही नुसती सुरुवात असते, पुढे रक्तातल्या पेशी कमी होत जातात आणि माणूस दगावूही शकतो. गोळी दिलीच नाही, आजींना स्टुलावर बसवलं, डॉक्टरांना फोन लावला, मुलाला बोलवून लगेच तपासायला पाठवलं. वेळेत सापडलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक पाकिटावर मार्करने वार लिहिते आणि पेशंटकडून तीनदा वदवून घेते, मग मागची लाइन कितीही खोळंबो.

रोटाकॅप पाण्याबरोबर गिळणारे काका तर नेहमीचेच. दम्याचं औषध ते, मशीनमध्ये घालून ओढायचं, आणि हे म्हणतात डॉक्टरचा गुणच येत नाही!

पण या सगळ्या बोलण्याचे पैसे कोण देतं? कोणीच नाही. शेड्यूल्ड, म्हणजे सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर रिटेलरला मार्जिन १६ टक्के, डीपीसीओने म्हणजे औषध किंमत नियंत्रण आदेशाने ठरवून दिलेलं. त्यातून भाडं, लाइट, पोराचा पगार, एक्सपायरीचा माल परत जाता जात नाही तो, आणि वर गिऱ्हाईक मोबाइल दाखवून विचारणार, ताई इथे वीस टक्के सूट आहे, तुम्ही किती देता? नुसत्या स्ट्रिपा विकायच्या असतील तर ती लढाई आपण हरलोय असं माझं स्पष्ट मत आहे. पाकीट घरपोच करायला फार्मासिस्ट लागतच नाही. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहे ते बोलणंच.

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट सुरू झालंय, घसा, कान, साधं युरिन इन्फेक्शन अशा सात दुखण्यांसाठी ठरावीक नियमांत फार्मासिस्टच तपासून औषध देतो आणि त्याचे पैसे दुकानाला सरकार देतं. आपल्याकडे एवढं लगेच नको, आधीच चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक वाटणारे कमी नाहीत. पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये पेशंट काउन्सेलिंग हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहेच की. आणि २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. कोर्स चालू आहे, ती पोरं नेमकी हेच शिकून बाहेर पडतात आणि मग कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसून साइड इफेक्टचे रिपोर्ट भरतात. दुकानात त्यांना परवडेल असा पगार द्यायचा कुठून!

मी सध्या एक करून बघतेय. दुपारी गर्दी नसते तेव्हा म्हाताऱ्या माणसांना सांगते, घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा, बसून बघू. एकांच्या पिशवीत तीन डॉक्टरांनी दिलेली तीन कंपन्यांची पॅन्टोप्राझोल, म्हणजे अ‍ॅसिडिटीची एकच गोळी, निघाली, तिन्ही रोज चालू. सगळं कागदावर मांडून दिलं, काय विचारायचं ते डॉक्टरांसाठी लिहून दिलं, आणि पन्नास रुपये मागितले तर काका म्हणाले, "औषध तर घेतलंच नाही, पैसे कसले?" कोणी अशी फी घेत असाल तर कशी सांगता, बोर्ड लावलाय का, जरा कळवा. मला बोर्ड लावायचाय, पण त्यावर काय लिहायचं ते सुचत नाहीये.