तळ्याच्या पायऱ्या मोजायचा दिवस

"यंदा पायरे किती उघडे?" आमच्या तळ्याकाठच्या घरवाल्यांच्या मंडळाच्या मेळाव्याला आलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न. प्रवास कसा झाला, पोरं कितवीत गेली, हे सगळं नंतर. देवळाकडच्या घाटावर पाण्याबाहेर किती पायऱ्या दिसतात त्यावरून उन्हाळा कसा गेला ते कळायचं. तो आकडा मेळाव्याच्या सकाळी मंडळाच्या वहीत लिहिल्याशिवाय चहासुद्धा फिरत नसे.

दक्षिण कोकणात अशी तळी पुष्कळ. दोन डोंगरांमधली घळ मातीच्या बांधाने अडवायची, खालच्या वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भाताला पाणी द्यायचं आणि काठावर देऊळ बांधायचं. त्यातलं वडीलधारं म्हणजे मालवण तालुक्यातलं धामापूरचं तळं. १५३० मधलं, भगवतीच्या देवळालगतचं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याचा जागतिक वारसा सिंचन वास्तूंमध्ये समावेश केला. आमच्यासारखी लहान तळी कुठल्याच यादीत नाहीत. काठावरची निम्मी घरं चाकरमान्यांची, अकरा महिने कुलूपबंद. काही गावातच राहणाऱ्यांची. आणि अलीकडची काही, तळ्याच्या देखाव्यासाठी जागा घेऊन बांधलेली. या तिन्ही तऱ्हेच्या माणसांना एका मांडवात बसवायचं काम मंडळाच्या दोन दिवसांच्या मेळाव्याने वर्षानुवर्षं केलं.

मेळावा मे महिन्यातच का, हे नव्या घरवाल्याला दरवेळी सांगावं लागे. शाळांना सुट्टी असते आणि आंबे-फणस असतात, हे खरंच. पण मुख्य कारण तळ्याचं. मे महिन्यात तळं उघडं पडतं. बांधाची आतली बाजू, मोरीचं (बांधातून पाणी सोडायच्या वाटेचं) तोंड, कोणाच्या घरचं सांडपाणी कुठून येतं, कोणी दगडी गडगा, म्हणजे कुंपण, दोन हात पुढे सरकवला, हे सगळं पाणी तळाला गेल्यावरच दिसतं. म्हणून मेळाव्याचा पहिला कार्यक्रम पूजा किंवा सभा नसे. तो असे तळ्याचा फेरा. सकाळी साडेसहाला, उन्हं चढायच्या आत. बरोबर कोयता, टिकाव, दोन घमेली, एक पहार आणि वही.

फेरा मोरीपासून सुरू व्हायचा. झडपेच्या दांड्यावरच्या आट्यांना वर्षभराचा गंज चढलेला. तो तारेच्या ब्रशाने घासायचा, ग्रीस लावायचं आणि चाक पाव फेरा उघड, पाव फेरा बंद, असं हळूहळू मोकळं करायचं. घाई झाली की कोणीतरी हातोडा उचलतो, दांडा वाकतो आणि मग ऐन जूनमध्ये झडप ना उघडत ना मिटत. झडप फिरवण्याआधी मोरीच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायचा हा नियम. नाहीतर पहिल्या ओढीबरोबर पालापाचोळा आत जाऊन अडकतो.

मग बांध. इथे जाणती माणसं पुढे आणि बाकीचे मागे, कारण बघायचं काय ते त्यांनाच कळे. कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं पहिली. बांधात कुर्लीने केलेलं बीळ बाहेरून अंगठ्याएवढं दिसतं, पण आत हात-दोन हात जातं आणि तळं भरलं की पाणी तीच वाट धरतं. बीळ पहारीने शेवटापर्यंत उघडायचं. भिजवून मळलेल्या चिकणमातीचे गोळे आत घालायचे आणि दर सहा इंचांना धुम्मसाने ठोकायचं. दरवर्षी शहरातून आलेला एखादा सिमेंटचं पोतं घेऊन हजर असे. त्याला ठरलेलं उत्तर मिळे: "सिमीट लावलास तर पाणी बाजूक वाट काढतला." ते बरोबरच आहे. माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. सिमेंट तसंच राहतं आणि दोघांच्या मध्ये फट पडते.

झाडांच्या बाबतीत नियम याहून कडक. बांधावर उगवलेलं रोप अंगठ्याएवढं जाड होण्याआधी मुळासकट उपटायचं. ते वर्ष चुकलं आणि झाड मोठं झालं, तर मग त्याला हात लावायचा नाही. मोठं झाड नुसतं वरून तोडलं की मुळं बांधात कुजतात आणि मुळांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. तोडायचंच असेल तर मुळं खणून काढून तो खड्डा थराथराने ठोकून भरावा लागतो, आणि ते दोन दिवसांचं काम नव्हे.

बांधाच्या खालच्या अंगाला ओल असतेच. मातीचा बांध थोडा झिरपणारच. झिरपणारं पाणी नितळ असेल तर वहीत नुसती नोंद. गढूळ असेल तर पाणी बांधाची माती घेऊन चाललंय, आणि मेळाव्याचे बाकीचे सगळे कार्यक्रम बाजूला. ही एक खूण शाळकरी पोरांनाही पाठ असे.

गाळ काढण्यावरून मात्र मतभेद ठरलेले. गाळ हवा सगळ्यांना. भाताच्या मळ्यात दोन-तीन इंच पसरला की खताचा खर्च वाचतो. पण जेसीबी बोलावला की चालक मन लावून खोल खणतो आणि तळाचा चिकण थर फोडून खालच्या जांभ्यापर्यंत जातो. जांभा म्हणजे चाळण. एकदा तो उघडा पडला की तळं जानेवारीतच घाटाच्या खाली उतरतं. म्हणून मंडळाने ठरवून टाकलं होतं. बांधाच्या पायथ्यापासून पंधरा फुटांत खणायचं नाही. मऊ काळा गाळ संपून फावड्याला चिकट पिवळट माती लागली की थांबायचं. आणि खोदकाम चालू असताना मंडळाचा एक माणूस छत्री घेऊन तिथे उभा राहणार म्हणजे राहणारच.

जलपर्णीचा उपद्रव सुरू झाला तसं फेऱ्यानंतरचं श्रमदान वाढलं. सुंभाच्या दोरीला बांबूचे तुकडे बांधून लांब माळ करायची, ती पाण्यावर सोडायची आणि वारा ज्या काठाकडे नेतो त्या काठाला दोन्ही टोकं ओढत आणायची. वाऱ्याविरुद्ध ओढलं तर दहा माणसंही पुरत नाहीत. काठावर काढलेली जलपर्णी ओली उचलायला जाऊ नये, तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दोन दिवस उन्हात पडू द्यायची, वजन उतरतं, मग खताच्या खड्ड्यात. चूक होते ती ढीग काठालगत ठेवण्याची. पहिल्या पावसात अर्धा ढीग परत तळ्यात. आणि काम फुलं येण्याआधी व्हायला हवं, कारण तिचं बी गाळात पडून कित्येक वर्षं जिवंत राहतं.

दहा वाजता घामाने निथळत सगळे मांडवात. पन्हं किंवा कोकम सरबत, आणि मग सभा.

सभेच्या गोष्टी आठवल्या की आता हसू येतं. जमाखर्च वाचून होईपर्यंत निम्मी सभा सारवलेल्या खळ्यात पेंगुळलेली. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं, त्यामुळे नवी कार्यकारिणी निवडली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की बँक जुन्याच सह्या मागते, आणि जुना खजिनदार नेमका मुलाकडे परदेशात. पण "फळ्या" हा शब्द निघाला की पेंगणारे ताठ बसत.

फळ्या म्हणजे सांडव्यावर, तळ्याचं जादा पाणी जिथून बाहेर जातं तिथे, पाऊस संपल्यावर बसवायच्या लाकडी फळ्या. त्यांनी तळ्यात हातभर पाणी जास्त अडतं. काठावरच्या घरवाल्यांना तळं काठोकाठ हवं, होडी फिरवायला, पाहुण्यांना दाखवायला. खालच्या वायंगणवाल्यांना ते पाणी पाळीने शेतात हवं. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर होई, आणि तेही दर मेळाव्यात पुन्हा उजळावं लागे: मे संपण्याआधी सगळ्या फळ्या निघाल्याच पाहिजेत. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत. सांडवा अडलेला असताना तसा एक दिवस आला तर पाणी बांधावरून वाहतं, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध राहत नाही. फळ्या काढून मोजून देवळाच्या माळ्यावर ठेवायच्या आणि त्यांचा आकडा वहीत लिहायचा, ही पद्धत त्यासाठीच. "काढल्यात" एवढ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नसे.

सांडव्याचीच आणखी एक गोष्ट म्हणजे चढणीचे मासे. मृगाच्या पहिल्या पाण्याला मासे अंडी घालायला उलटे वर चढतात. खाली जाळं लावलं की पाट्या भरतात आणि पुढच्या वर्षी तळं रिकामं. पहिले आठ दिवस सांडव्यात जाळं नाही, असा ठराव होता. तो किती पाळला गेला हे जाणणारे जाणतात.

संडासाच्या टाक्यांचा विषय कोणालाच आवडत नसे, पण तो घ्यावाच लागे. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट हवा. जांभ्यात तेवढंही पुरतं असं नाही, कारण पाणी भेगांतून धावतं. म्हणून खड्डा विहिरीच्या आणि तळ्याच्या उताराच्या वरच्या अंगाला कधीच नको. बाहेरून आलेल्या कंत्राटदाराला हे सांगितलं नाही की तो रस्त्याजवळ, गाडी येईल अशा ठिकाणी खड्डा मारून मोकळा होतो.

दुपारी विहिरीत पावडर टाकायचं प्रात्यक्षिक. गणित पाठ करून घेतलं जाई. विहिरीच्या व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीला साधारण सत्तर ग्रॅम. पावडर थेट ओतायची नाही. आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग बादली पाऊण भरायची आणि दहा मिनिटं थांबायचं. चुना खाली बसला की वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्याखाली सोडायची आणि वरखाली हलवायची. तासभर पाणी काढायचं नाही. बंद घरातली गेल्या वर्षीची उघडी पिशवी वापरून उपयोग नसतो, तिचा वास उडाला की गुणही उडालेला असतो.

आणि जेवण! रविवारचं जेवण शिवराक, म्हणजे शाकाहारी, दीडशे पानांचं. उकडे तांदूळ अठरा किलो, काळे वाटाणे साडेसात किलो. वाटाणे शनिवारी दुपारीच भिजत घालायचे, रात्री घातले तर सकाळी शिजत नाहीत आणि आचारी मंडळाला शिव्या देतो. सोलकढीला चाळीस नारळ आणि दीड लिटरच्या आत आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आगळात मीठ असतंच, त्यामुळे मीठ चव घेतल्याशिवाय टाकायचं नाही. नारळाचा रस आणि आगळ पंगत बसायच्या वेळेसच एकत्र करायचं. आधी करून ठेवलेली कढी मेच्या उकाड्यात तासाभरात फाटते, आणि फाटलेल्या कढीची आठवण गावात पाच वर्षं निघते.

संध्याकाळी पोरांच्या शर्यती, बायकांच्या फुगड्या, रात्री डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. पोहण्याची शर्यत घाटासमोरच, रिकामे डबे बांधलेल्या दोरीच्या आत. दोरीपलीकडे कमळाचे देठ. ते पायात गुंतले की माणूस घाबरतो, पाय झाडतो आणि जास्तच गुंततो. पोरांना सांगून ठेवलेलं असे, पाय झाडू नका, उताणे व्हा, हातांनी मागे या.

मग काही वर्षांपूर्वी मेळावा नाताळच्या सुट्टीत गेला. कारणं सगळी पटण्यासारखी. मेमधला उकाडा म्हाताऱ्यांना झेपेना. गाड्यांचं आरक्षण मिळेना. नातवंडांच्या शाळांच्या सुट्ट्या एकमेकींशी जुळेनात. डिसेंबरातला मेळावा दिसायला देखणाच. तळं काठोकाठ, पाणकावळे पंख वाळवत बसलेले, संध्याकाळी शाल घ्यावी अशी हवा, फोटो सुरेख. फेराही होतो, अजून. पण कुर्ल्यांची बिळं पाण्याखाली, मोरीचं तोंड पाण्याखाली, गडगे गवतात. फेरा अर्ध्या तासात उरकतो आणि सगळे नाश्त्याला वेळेवर.

वही मात्र चालू आहे. तारीख लिहिली जाते, हजर घरांची संख्या, फळ्यांचा आकडा. पायऱ्यांच्या रकान्यात गेली काही वर्षं एकच शब्द आहे, "बुडालेले".